कंडक्टरनं न विचारलेला प्रश्न

बसची नोकरी सुटून चार वर्षं झाली, तरी त्याला सगळे कंडक्टरच म्हणायचे. सिस्टर म्हणायच्या, डॉक्टरीणबाई म्हणायच्या, औषधाला येणारी माणसं म्हणायची. रजिस्टरात त्याच्यापुढं 'मदतनीस' असं लिहिलेलं होतं, पण रजिस्टर वाचतंय कोण? एकोणतीस वर्षं त्यानं चालत्या गाडीत दांडी न धरता तिकिटं फाडली. मग एक दिवस कमरेनं राजीनामा दिला. वर्षभर घरात बसून काढलं आणि कुणाच्या तरी शब्दानं या मनाच्या दवाखान्याच्या दारात त्याला खुर्ची मिळाली. "काम तेच आहे," तो सांगायचा, "आत घ्यायचं, बसवायचं, उतरवायचं. गाडी तेवढी हलत नाही."

दवाखाना पूर्वी कापडाचं दुकान होता. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी कप्पे. जिथं थानं असायची तिथं आता केसपेपर. पुढं पाच बाकं, मागं फळ्यांची भिंत घालून डॉक्टरीणबाईंची खोली, आणि कोपऱ्यात दुकानाची जुनी ट्रायल रूम. तिला कडी होती, आत माणसाएवढा आरसा होता, आणि त्या आरशासमोर औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. खोकी आरशात दुप्पट दिसत, म्हणून सिस्टर ते दार उघडायच्याच नाहीत.

डॉक्टरीणबाई यायच्या आधी इथला कारभार सोपा होता. जुने डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "कसं काय?" समोरचा म्हणायचा, "ठीक." डॉक्टर म्हणायचे, "तेच चालू ठेवा." आठ-आठ वर्षं एकच गोळी खाणारी माणसं होती. बरं वाटतंय की नाही हे त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही ते मनावर घेतलं नव्हतं. बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "ठीक म्हणजे किती ठीक? ताप मोजतो, रक्तदाब मोजतो, मग उदासी अंदाजपंचे का?"

त्यांनी एक कागद आणला. नऊ प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का, असे. गेल्या पंधरा दिवसांत त्रास अजिबात झाला नसेल तर शून्य, रोज झाला असेल तर तीन. नऊ उत्तरांची बेरीज जेवढी मोठी तेवढं मनावरचं ओझं जड. दर पंधरा दिवसांनी बेरीज करायची. उतरत नसेल तर गोळी बदलायची, बोलायला जास्त वेळ द्यायचा, पण 'तेच चालू ठेवा' म्हणायचं नाही.

"आणि हे सगळं बंद दाराआड," बाईंनी बजावलं होतं. "ज्याला वाचता येतं त्यानं एकट्यानं भरायचं. येत नसेल तर सिस्टर वाचून दाखवतील."

पण सिस्टर एक आणि माणसं साठ. दुसऱ्याच आठवड्यात रांग रस्त्यावर गेली, शेजारचा चष्मेवाला भांडायला आला, आणि कंडक्टरला काही ते बघवेना. गर्दी तुंबली की त्याचे हात शिवशिवायचे. त्यानं सिस्टरच्या हातून कागदांचं पॅड काढून घेतलं, पेन कानाला लावलं आणि पहिल्या बाकाशी उभा राहिला.

"हं, पुढं सरका, पुढं सरका. शिंपीणमावशी, झोप?"

"येते की."

"किती दिवस नाही आली ते सांगा."

"आठ-नऊ दिवस."

"आठ-नऊ? मागल्या वेळी रोज नव्हती येत. मग हे दोनच झाले की! भूक?"

"भूक बेताची."

"बेताची म्हणजे आहे. एक धरू?"

"धरा बापडे."

"मावशी, चौदाच्या अकरा! टाळ्या!"

आणि बाकावरची माणसं खरंच टाळ्या वाजवायची. ज्यांना घरी कुणी 'जेवलास का' विचारत नव्हतं, त्यांच्यासाठी इथं टाळ्या पडायच्या. मावशी पदर तोंडाला लावून हसायची. कंडक्टर तासाभरात चाळीस कागद भरायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं की याला आपली काळजी आहे. ती होतीच. त्यात खोटं काही नव्हतं.

घोडं अडायचं ते नवव्या प्रश्नापाशी. 'आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का?' पहिल्या दिवशी त्यानं तो मनात वाचला आणि त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं. माणूस कसाबसा उठून, अंघोळ करून, दोन माणसांत येऊन बसलाय, आणि त्याला भरल्या बाकावर हे अभद्र विचारायचं? नसेल मनात तर आपणच घालायचं? त्यानं नवव्या रकान्यात शून्य लिहून टाकलं. मावशीच्याही, चष्मेवाल्याच्या भावाच्याही, सगळ्यांच्याच. हात पुढं आपोआप चालायला लागला. कागद हातात घेतानाच तो खाली शून्य काढून ठेवायचा, मग वरचे आठ विचारायचा.

बाई मागच्या खोलीत एकेक माणसाशी बोलत बसलेल्या. त्यांच्या टेबलावर भरलेले कागद व्यवस्थित पोचत होते. ते कुठं भरले जातात हे बघायला त्या पाच महिन्यांत बाहेर आल्या नाहीत. बाकावरून टाळ्या ऐकू आल्या की म्हणायच्या, "कंडक्टर आज खुशीत आहेत." भिंतीवर चौकटीच्या कागदाचा तक्ता लागला होता, त्यावर सगळ्यांची सरासरी दर आठवड्याला खाली यायची. वरच्या कचेरीतून फोन आला, की तुमच्यासारखे आकडे दुसऱ्या कुठल्याच दवाखान्याचे नाहीत, एकदा येऊन बघतो म्हणे. कंडक्टरनं घरी जाऊन बायकोला ते तीनदा सांगितलं.

मास्तर यायला लागले त्याला तीन महिने होत आले होते. गणिताचे मास्तर. चौतीस वर्षं फळ्यापुढं उभं राहिलेले. एक दिवस शिकवता शिकवता पायरी विसरले, खडू हातात धरून तसेच उभे राहिले, मुलं हसली. मुलांचं काय, मुलं हसणारच. मास्तरांनी खडू ठेवला तो ठेवलाच. शाळा सोडली, दाढी सोडली, बोलणं सोडलं. त्यांची थोरली बहीण, अक्का, त्यांना धरून घेऊन यायची. मास्तर साठीचे, अक्का सत्तरीच्या, पण पुढं चालायच्या अक्का. जवळ लोकरीची पिशवी, हातात सुया. बाकावर बसल्या की सुया चालू आणि तोंडही चालू.

"कंडक्टर, आमच्या धाकट्याचं आधी घ्या. घरी दूधवाला यायचाय."

"अक्का, इथं सगळे धाकटेच आहेत. नंबरानं."

मास्तरांचे पहिले आले एकवीस. अक्कांच्या सुया थांबल्या. "एकवीस म्हणजे फार का हो?" त्यांनी विचारलं आणि सगळ्यांसमोर डोळ्यांना पदर लावला. पंधरा दिवसांनी अठरा आले. मग पंधरा. मग बारा. अक्कांनी तिथल्या तिथं घोषणा केली, "बारा! अर्ध्यावर आला माझा भाऊ!" गल्लीतही सांगितलं. त्यानंतर नऊ, मग सहा. सहा आल्यावर कंडक्टरनं स्वतःच आधी टाळ्या वाजवल्या. मास्तर कसंनुसं हसले, अक्कांना म्हणाले, "चल." बाईंनी कागद बघून सांगितलं, "छान. पंधरा दिवसांनी, गुरुवारी, असंच असलं तर दर पंधरवड्याला यायची गरज नाही. तीन महिन्यांनी भेटू, गोळ्याही हळूहळू उतरवू."

तो गुरुवार उद्यावर आला होता. बुधवारी दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर कंडक्टर उद्याचे पेपर काढत बसला. मास्तरांचा पेपर काढला. वरून खाली बघितलं. एकवीस, अठरा, पंधरा, बारा, नऊ, सहा.

"झकास," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पेपर गठ्ठ्यावर ठेवता ठेवता त्याचा हात थांबला.

बसमध्ये असताना त्याच्या गाडीला एक ड्रायव्हर होता, सगळे त्याला घड्याळ म्हणत. त्याच्या लॉगशीटवर प्रत्येक थांब्याची वेळ मिनिटाला मिनिट बरोबर. आठ दहा, आठ वीस, आठ तीस. एकदा तपासनीस चढला, लॉगशीट बघितलं आणि म्हणाला, "बाबा रे, ही गाडी रस्त्यावरून आली की टेबलावरून? वाटेत फाटक नाही, म्हैस नाही, म्हातारी नाही?" घड्याळनं सगळ्या वेळा डेपोत चहा पिताना आधीच भरून ठेवल्या होत्या. खरी गाडी कधी चार मिनिटं उशिरा येते, कधी दोन मिनिटं आधी. सरळ येते ती फक्त कागदावर.

कंडक्टरनं दुसरे पेपर काढले. शिंपीणमावशी, चौदा, सोळा, चौदा, अकरा. चष्मेवाल्याचा भाऊ, वर-खाली, खाली-वर. मास्तर, तीन, तीन, तीन, तीन, तीन. आठ प्रश्न पटापट विचारले जात असताना उत्तरं अशी द्यायची की बेरीज बरोबर तीननं उतरावी, हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. पण ज्यानं चौतीस वर्षं पाढे शिकवले त्याला काय जड? उद्या तीन येणार. आणि तीन आले की तीन महिने या माणसाकडं कुणी बघणार नाही.

त्यानं मास्तरांचा पेपर पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यानं नवव्या रकान्याकडं बघितलं. सहाच्या सहा शून्यं, सगळी त्याच्याच अक्षरातली.

संध्याकाळी जेवताना तो भात नुसता चिवडत होता. बायको दिवसभर शिंप्याची काज-बटणं करायची, जेवणाच्या वेळीही तिच्या पदराला सुई टोचलेली असायची.

"कचेरीचे लोक येणार नाहीत वाटतं?" तिनं विचारलं.

"त्यांचं सोड. मला सांग, मी घरी बसलो होतो ना, कमरेच्या वर्षी?"

"कमरेच्या?" ती म्हणाली. "कंबर तीन महिन्यांत बरी झाली होती. बाकीचे नऊ महिने तुम्ही भिंतीकडं तोंड करून होतात."

"तेच ते. तेव्हा तू मला जुन्या डॉक्टरांकडं न्यायचीस. तिथला तो औषधं देणारा म्हातारा आठवतो? दर वेळी पाठीवर थाप मारायचा. शाब्बास, आज चेहरा उजळलाय म्हणायचा. त्या शाब्बासकीनं मी बरा झालो."

बायको जेवायची थांबली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला वाटतं तसं."

"त्या म्हाताऱ्यासमोर तुम्ही हसायचात. मग घरी यायचात, मोरीत जाऊन नळ सोडायचात आणि रडायचात. नळाचं पाणी वाया जातंय म्हणून मी ओरडायचे, कारण दुसरं काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. एक दिवस नळ बंद केला आणि तिथंच खाली बसले तुमच्याजवळ. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा खरं बोललात. शाब्बासकी म्हणे!"

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

गुरुवारी सकाळी तो दवाखाना उघडायच्या आधी अर्धा तास पोचला. डॉक्टरीणबाई आपली पिशवी टेबलावर ठेवत होत्या. सिस्टर डबा कपाटात सरकवत होत्या.

"बाई, एक चूक झालीय," तो म्हणाला. "एक नाही, बऱ्याच. पण एकच सांगतो, त्यात बाकीच्या येतील."

"काय केलंत?"

"नववा प्रश्न मी कुणालाच विचारलेला नाही. पाच महिने. शून्यं माझी आहेत."

सिस्टर कपाट सोडून टेबलाशी आल्या. बाई हळूच खुर्चीवर बसल्या.

"कुणालाच?"

"कुणालाच. बाकीचे आठ बाकावर विचारतो, सगळ्यांदेखत. आकडा उतरला की टाळ्या वाजवायला लावतो. लोकांना माझं मन मोडवत नाही. मास्तरांचा पेपर बघा. दर वेळी तीन कमी. माणूस असा बरा होतो का बाई? असा जिना उतरतात."

बाईंनी पेपर घेतला. बराच वेळ बघितला. मग कप्प्यातून आणखी दहा-बारा पेपर काढले, नववा रकाना बोटानं खाली खाली बघत गेल्या. कंडक्टर उभा राहिला. आता शिव्या बसतील, मग पॅड काढून घेतील, मग खुर्ची जाईल, असा क्रम त्यानं मनात लावून ठेवला होता.

"साठ माणसं," बाई म्हणाल्या, "इतके महिने, आणि एकाच्याही मनात एकदाही आलं नाही. असं कुठं असतं का? हे मला दिसायला हवं होतं. मी फक्त बेरीज बघत होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही बंद दाराआड का नाही विचारलंत हो? मी सांगितलं होतं."

"दार कुठाय बाई? तुमच्या खोलीला एक आहे, त्यात तुम्ही."

बाईंनी आपल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. मग सिस्टर म्हणाल्या, "ट्रायल रूमला आहे."

पंधरा मिनिटांत तिघांनी मिळून खोकी काढली. बाईंनी स्वतः दोन उचलली. आत एक स्टूल आणि एक खुर्ची मावली. राहता राहिला आरसा. भिंतीत पक्का बसवलेला, निघेना. "उदास माणसाला त्याचंच तोंड समोर," कंडक्टर म्हणाला, "हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना." सिस्टरनी कपाटातली जुनी चादर आणली, त्यानं खिळे ठोकून आरसा झाकला.

मास्तर आणि अक्का साडेनऊला आले. मास्तरांनी दाढी केली होती, शर्टाला इस्त्री होती. कंडक्टरला ते बघून जास्तच धास्ती वाटली.

"कंडक्टर, आज तीन येणार बघा," अक्का बाकावर बसता बसता म्हणाल्या. "मी पैज लावते."

"पैज नको अक्का. मास्तर, जरा इकडं येता?"

अक्का लगेच उठल्या. "कुठं? मीही येते."

"एकालाच जागा आहे."

"मी कडेला उभी राहीन."

"अक्का, ती ट्रायल रूम आहे. दोघांनी आत जायचं नसतं, दुकानाचा नियम आहे."

बाकावरची माणसं हसली, अक्का फुरंगटून बसल्या. कंडक्टर मास्तरांना आत घेऊन गेला आणि कडी लावली. मास्तरांना खुर्ची दिली, आपण स्टुलावर बसला. कागद मांडीवर ठेवला. पेन कानावरून काढलं आणि पुन्हा कानावर ठेवलं.

"मास्तर, मला गणित येत नाही. पण तीन-तीननं उतरलेलं मला दिसतं."

मास्तर चादरीकडं बघत म्हणाले, "तुम्हाला दिसलं होय."

"उशिरा दिसलं."

"मला वाटलं होतं डॉक्टरीणबाईंना दिसेल. मग वाटलं, नाही दिसत तर बरंच आहे." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा. "अक्का पहिल्या दिवशी रडली ना, एकवीस ऐकून. सत्तर वर्षांची बाई. तिच्यासमोर बावीस कसे सांगणार? आणि तुम्ही इतके टाळ्या वाजवायचात. तुमचा विरस करायचा जीव होत नव्हता."

"माझा विरस गेला खड्ड्यात," कंडक्टर म्हणाला. त्यानं कागद उचलला. "मास्तर, एक प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नाही. आज विचारतो. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का?"

प्रश्न विचारून झाला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. आभाळ कोसळलं नाही. बाहेर कुणीतरी खोकलं, अक्कांच्या पिशवीची चेन वाजली. मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"याचं उत्तर आहे माझ्याकडं," ते म्हणाले. "पण तुम्हाला नाही सांगता येणार. राग मानू नका. तुमचं तोंड बघितलं की मला बरं असल्याचं सोंग करावंसं वाटतं. सवय झालीय."

कंडक्टरला ते लागलं. तीन महिने आपण याला सगळ्यात जवळचे, असं तो धरून चालला होता. पण त्यानं मान हलवली. "सिस्टरना चालेल?"

"चालेल. त्या जास्त हसत नाहीत."

तो उठला, कडी काढली, सिस्टरना आत पाठवलं आणि दार ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभा राहिला. बाकावर वीस-पंचवीस माणसं, रांग पुन्हा दारापर्यंत गेलेली. कुणीतरी म्हणालं, "कंडक्टर, आज गाडी का थांबली?"

"थांबली. घाई असेल त्यानं उतरावं."

अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. "आत काय चाललंय?"

"बोलणं चाललंय."

"इतका वेळ? आठ प्रश्न तर असतात."

"नऊ असतात, अक्का. मी आठच विचारत होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी चूक. बसा."

"माझ्या भावाशी बोलायला मला बंदी? मी त्याला वाढवलंय! आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता."

"म्हणूनच," कंडक्टर म्हणाला. "अक्का, तुमच्यासमोर ते सहा वर्षांचेच होतात. तुम्ही रडू नये म्हणून शहाण्यासारखं वागतात."

अक्का मागं वळल्या. बाकावर जाऊन बसल्या. सुया हातात घेतल्या पण टाके घातले नाहीत.

अकरा मिनिटांनी सिस्टर बाहेर आल्या. कागद उलटा धरून त्या सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. मग मास्तरही गेले. ते तासभर आतच होते. त्या दिवशी साठातल्या चोवीस माणसांनाच तपासून झालं, बाकीच्यांना कंडक्टरनं हात जोडून दुसऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्या दिल्या. दोघं-तिघं बोलले, "आधी बरं होतं हो, पटापट व्हायचं." तो म्हणाला, "हो, पटापट व्हायचं."

मास्तरांच्या गोळ्या उतरल्या नाहीत, उलट बदलल्या. तीन महिन्यांची भेट चार दिवसांवर आली. जाण्याआधी बाईंनी मास्तरांना विचारलं की अक्कांना काय काय सांगायचं. मास्तर म्हणाले, "एवढंच सांगा की मला एकट्याला सोडू नका, आणि माझ्याकडं बघून रडू नका." बाईंनी अक्कांना आत बोलावून तेवढंच सांगितलं, आणि फोन कुठं करायचा ते कागदावर लिहून दिलं. अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मास्तरांचा दंड धरलेला नव्हता. दोघं बरोबरीनं चालत होते.

पुढच्या दीड महिन्यात दवाखाना कागदावर पार बिघडला. सगळ्यांचे कागद ट्रायल रूममध्ये नव्यानं भरले. शिंपीणमावशीचे अकराचे सतरा झाले. चष्मेवाल्याच्या भावानं आत सिस्टरला जे सांगितलं ते ऐकून बाईंनी त्याला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठवलं आणि स्वतः बरोबर गेल्या. नवव्या रकान्यात साठातल्या अकरा जणांचं शून्य नव्हतं. वरच्या कचेरीतून फोन आला, आवाज चढलेला होता. बाई म्हणाल्या, "आजार वाढला नाही साहेब, ऐकायला यायला लागला. आधीचे आकडे चुकीचे होते, मी लेखी कळवते. आणि मला आणखी एक सिस्टर द्या." भेटीला येणारे लोक आले नाहीत. सिस्टर मात्र आली, आठवड्यातून दोन दिवस.

तक्ता कंडक्टरनं स्वतः भिंतीवरून उतरवला. त्याचं काम आता रांगेला समजावून बसवायचं. ते त्याला येत होतं. कुणाचे किती आले हे त्याला कळत नव्हतं, आणि सुरुवातीला याची त्याला फार चुटपुट लागायची. घरी बायकोला म्हणाला, "एवढी वर्षं कोण कुठं उतरणार ते मला ठाऊक असायचं." ती म्हणाली, "आता ते उतरतील तिथं उतरतील. तुम्ही दार सांभाळा."

एका गुरुवारी अक्का त्याच्या शेजारी येऊन बसल्या. मास्तर आत होते.

"कंडक्टर, खरं सांगा. गेल्या वेळी किती आले होते?"

"मला माहीत नाही, अक्का."

"तुम्हाला? माहीत नाही?"

"कुणी सांगत नाही मला. तुमच्यासारखाच मीही बाहेर."

अक्कांनी त्याच्याकडं निरखून बघितलं, आणि तो खोटं बोलत नाही हे पटल्यावर त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं.

मास्तर बाहेर आले. दाढी दोन दिवसांची होती, शर्टाला इस्त्री नव्हती. ते बहिणीसमोर उभे राहिले. बाकावरची माणसं बघत होती, पण त्यांनी आवाज खाली केला नाही.

"अक्का, अजून येतं मनात. या आठवड्यात दोन दिवस आलं."

अक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, तसेच ठेवले. लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला.

"कुठले दोन?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी. आणि शनिवारी, तू बाजारात गेलीस तेव्हा."

"बरं," अक्का म्हणाल्या. "मग या शनिवारी तूही चल बाजाराला. पिशवी धरायला मला कुणीतरी हवंच आहे."

मास्तरांनी जरा विचार केला. "जड असते का फार?"

"असते की. म्हणून तर म्हणतेय."

"येतो," मास्तर म्हणाले.